पंख्यावरच्या चार ओळी

विसरायचं म्हटलं तरी ती केस डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी इंग्लंडमध्ये, लीड्सच्या पोलिसांत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका वृद्ध जपानी बाईंच्या घरून हाताने रंगवलेले, घडीचे पाच पंखे चोरीला गेले. त्यातल्या एकावर त्यांच्या नवऱ्याने शेवटच्या आजारात, वाचा गेल्यावर, कुंचल्याने चार ओळी लिहिल्या होत्या. "बाकीचे नाही मिळाले तरी चालेल," बाई म्हणाल्या, "तेवढा एक आणा."

खबर दिली ती ओळखीतल्या एका मराठी डॉक्टरीणबाईंनी. "अहो, परवा जेवताना तुम्ही सांगत होतात ना, तसलाच फॅन अँटिकच्या शॉपमध्ये बघितला. त्यावर जॅपनीज रायटिंगसुद्धा आहे. येऊन बघा तरी!"

पंखा तोच निघाला. दुकानदाराने विकणाऱ्याचं जे वर्णन दिलं, ते बाईंच्या खिडक्या रंगवून गेलेल्या माणसाशी जुळलं. इंटरव्ह्यू रूममध्ये टेप सुरू केली, पण गडी ताठ. "मी त्या पंख्याला हातसुद्धा लावलेला नाही."

माझं डोकं फिरलं. थांब लेका, तुझे ठसेच दाखवतो! पंखा लॅबला पाठवला आणि फॉर्मवर रासायनिक तपासणीसमोर खूण केली. कागदावरचे ठसे तसेच काढतात, कागद द्रावणात बुडवून. चेक, पाकिटं, धमकीची पत्रं, आमचं रोजचंच काम. आधी बाईंना विचारावं, हे मनातही आलं नाही.

दोन दिवसांनी त्याला पुन्हा बसवलं. ठसे अजून आले नव्हते, म्हणून मी नुसतंच म्हणालो, "तिच्या मेलेल्या नवऱ्याचं अक्षर आहे ते." तो म्हणाला, "मला वाटलं, शोभेची वस्तू आहे." आणि सगळं सांगून मोकळा झाला.

तपासणी थांबवायला धावत जाऊन लॅबला फोन लावला. उशीर झाला होता. पंख्याच्या कागदाला सरस लावलेला असतो. त्या द्रावणाने घामाचा ठसा जांभळा होतो, तसाच सरसही; त्यामुळे अख्खा कागद जांभळा पडला होता. रंग ओघळले होते, अक्षरं लागत नव्हती. ठसा तर एकही मिळाला नाही.

बाईंनी पंखा उघडून पाहिला. "चोराने नीट ठेवला होता," एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कागदोपत्री चोर कबूल झाला होता, पंखा परत मिळाला होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली, तेव्हा मला स्वतःची किळस आली. पुढे नव्या पोरांना मी सांगत असे, वस्तू लॅबला पाठवण्याआधी ज्याची आहे त्याला विचारा. त्यांना त्याचा उपयोग झालाही असेल. बाईंना काय? त्यांच्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं मीच पुसून टाकलं.