राख उकरणारी सर्जाबाई

सर्जाबाई कोणाच्याही घरी गेली की आधी चुलीपाशी जायची. नमस्कार नाही, "बस" म्हणायची वाट पाहणं नाही. कमरेला खोचलेली लोखंडी फुकणी काढायची आणि तिच्या टोकानं राख उकरायची. राखेत बॅटरीचा सेल निघाला की तो अंगणात भिरकवायचा आणि घरातला पुरुष हुडकायचा. सापडला की फुकणी त्याच्या पाठीत. एकाला तिनं न्हाणीतून ओलाच बाहेर ओढून झोडपला होता. लोक म्हणतात, बाई मारकुटी होती. होती. पण काहून होती, हे सांगताना त्याच लोकांची दातखीळ बसते, म्हणून मी लिहितो.

आमच्या मारेगावकडच्या गावांत आता घरटी बॅटरी झाली आहे. रात्री शेतात राखणीला, जागलीला जायचं तर रानडुकराच्या तोंडावर उजेड मारायला काहीतरी हवं. सेल संपत आला की गडी काय करतो? निजायच्या आधी तो चुलीतल्या गरम राखेत पुरतो. शेकलेला सेल आणखी थोडा वेळ मिणमिणतो, हे खरं आहे. पण सेलच्या आत ओला मसाला असतो. विस्तव जास्त झाला की आत वाफ कोंडते, पत्रा फाटतो आणि उकळता काळा चिखल उडतो. दुकानदार सेल विकतो, पण "इस्तवात टाकू नको" एवढं बोलायला त्याची जीभ झिजते. गडी सेल पुरून विसरतो, बाई पहाटे उठून त्यावर काड्या रचते आणि तोंड खाली घालून फुंकते. बॅटरी पुरुषाच्या हातात, तोंड बाईचं चुलीत. यात अपघात कुठे आहे, ते मला कोणी सांगावं.

सर्जाबाईची एकुलती एक लेक रुखमा सासरी अशीच फुंकत होती. सेल फुटला. उजवा डोळा गेला, गाल गळ्यापर्यंत सोलून निघाला. यवतमाळच्या दवाखान्यातून ती माहेरी आली तेव्हा नवरा देवराव न्यायला आला नाही. सासऱ्यानं निरोप धाडला: पोरगी बावळट, चूल पेटवता येत नाही, अशी बाई आम्हाला नको. देवरावसाठी दुसरी पाहणंही सुरू झालं. म्हणजे डोळाही तिचाच फुटला आणि गुन्हाही तिचाच.

मी तेव्हा वस्तीत पत्रकं वाटायचो. धम्मदीक्षेनंतरचे दिवस होते. शाळा, पाणवठा, दारू, सगळ्यावर आमची पत्रकं निघत. "विझता सेल विस्तवात घालू नका" असं एक छापून मी सर्जाबाईकडे गेलो आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, कागद हातातून घेतला, चुलीत सारला.

"चांगला पेटते," ती म्हणाली. "आणखी हायेत का रे?"

"मावशी, हे लोकांना समजावं म्हणून आहे."

"लोकाईले समजत नाई असं वाटते तुले? अरे लिवणाऱ्या, ज्याले दुखत नाई त्याले समजत नाई. मी दुखवून राह्यली." मग म्हणाली, "देवरावाच्या गावात बैठक लाव. मले पैसा नको, लुगडं नको. सेल त्यानं टाकला, पोरीची चूक नाई, एवढं त्यानं चार मान्साईत म्हनावं. बस."

बैठक लागली. निंबाखाली पंच बसले. बाजूला तीन दगडांवर पंचांचा चहा उकळत होता. देवराव नवं धोतर नेसून आला होता, काखेत बॅटरी. रुखमा पदरानं अर्धं तोंड झाकून आईच्या मागे बसली.

सासरा उभा राहिला. "पंचहो, टाकला असंन पोरानं सेल. सारेच टाकतेत. पन थो फुटते हे कोणाले मालूम? माह्या देवरावाले मालूम असतं तं त्यानं टाकला असता का?"

पंचांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "खरी गोष्ट. अडाणीपनात झालं." झालं! मिटलं! मी तोंड उघडणार तोच सर्जाबाई उठली.

तिनं देवरावाच्या काखेतली बॅटरी हिसकली, बूड फिरवून सेल काढला आणि चहाच्या भांड्याखाली विस्तवात टाकला. लोकांना कळायच्या आत तिनं जावयाची मान धरली, त्याला गुडघ्यांवर पाडलं आणि त्याच्या पाठीवर स्वतःचा गुडघा रोवला. तोंड विस्तवापासून वीतभर. फुकणी त्याच्या ओठांवर दाबली. ओठ फाटला.

"फुक!"

"मामी, सोडा!"

"फुक म्हनते ना! माह्या पोरीले येत नाई फुकता. तू शिकव."

"मामी, फुटंल! फुटंल ना थो!"

"कोन म्हनते फुटंल? तुहा बाप तं म्हने तुले मालूम नाई!"

"मालूम हाय! मालूम हाय वो!" देवराव रडत ओरडला. "जागलीत फुटला होता माह्या शेकोटीत, मांडी भाजली होती! सोडा मले!"

सर्जाबाईनं त्याला केसांना धरून मागे खेचलं आणि चहाचं भांडं विस्तवावर लाथाडलं. तरी सेल फुटलाच. पत्र्याचा तुकडा तिच्या मनगटात घुसला. रक्त कोपरापर्यंत आलं. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच हातानं तिनं देवरावाचं धोतर मांडीवर सारलं. डाग होता. तळव्याएवढा, गुलाबी, चामडी ओढलेला.

"पाहा," ती पंचांना म्हणाली. "सोताची मांडी भाजली, घरात सांगतलं नाई. बायकोच्या तोंडाखाली पुरला." आणि फुकणी उचलून तिनं त्याला मारायला सुरुवात केली. पाठ, खांदा, हात, सापडेल तिथे. चौघांनी ओढली तेव्हा सुटला.

मी तिला अडवलं नाही. याचा मला खेद नाही.

पंचांचा सूर पालटला. देवराव चुकला, बायकोला मानानं न्यावी, दुसऱ्या बायकोचा विषय काढू नये. देवराव फाटक्या ओठानं "नेतो" म्हणाला. सर्जाबाईनं रुखमाकडे वळून हात पुढे केला. "ऊठ. जाय घरी."

रुखमा उठली. तिनं पदर मागे टाकला आणि सगळ्या बैठकीला तो चेहरा दाखवला. "मी नाई जात."

"काय?"

"त्याले मालूम होतं, माय. मालूम असून रोज मले फुकताना पाहे. त्याच्या घरी मी नाई जात."

सर्जाबाईचा हात वर गेला. आता ही लेकीलाही मारते, असं मला वाटलं. मनगटातून रक्त गळत होतं. "मंग मी कायले मेली इतकी? तुले नांदवाले ना!"

"तू त्याच्या तोंडून वदवलं. मले तेवढंच पाह्यजे होतं. चाल, हात धुऊ तुहा."

सर्जाबाईनं हात खाली घेतला आणि आम्ही तिघं निघालो. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर ती एकदम मला म्हणाली, "पोरगी माह्यापेक्षा बेकार निंगाली रे," आणि हसली.

पुढे एका उन्हाळ्यात सरपण वेचून आणताना तिला लू लागली आणि ती गेली. आमच्यात बाया स्मशानात येतात. त्रिशरण झालं, आणि रुखमानं चितेला स्वतः अग्नी दिला. देवराव आला होता. दूर बाभळीखाली उभा होता. पोरांनी मला खुणावलं, हाकलू का? मी रुखमाकडे पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "लाकडं कमी पडली तं त्यालेच आनाले सांगा."

त्यानं लाकडं आणली. ती रचून तो झटकन मागे सरकला, सगळ्यांच्या मागे. धग वाढली तसे आम्हीही एकेक पाऊल हटलो. रुखमा तिथेच उभी होती, तोंड उघडं, जाळाकडे.