इंजिनावर नारळाचं पाणी

आमच्याकडे फौजेतनं परत आलेल्या माणसाला मेजर म्हणतात. मी फौजेत ट्रक चालवला. बढतीला शाळा लागते आणि माझी चौथीत सुटलेली. पण पेन्शन घेऊन कडेगावच्या स्टँडवर उतरलो आणि पानटपरीवाल्यानं "या मेजर" म्हणून हाक मारली. सरकारला जमलं नाही ते टपरीनं केलं.

मेजरला गाडी मोठी पाहिजे. म्हणून जुनी दांडगी डिझेल गाडी घेतली आणि कडेगाव-विटा वडाप केली, सीटमागं भाडं घेऊन माणसं न्यायची. गाडीच्या कागदावर लिहिलीत तेवढी माणसं आत बसली की निघायचं नाही, तेवढीच आणखी कोंबली की निघायचं, असा तो धंदा. पुढं गुडघ्यांनी जवाब दिला आणि गाडी घरची झाली. डाव्या बाजूला बायको बसायची. तिच्या वजनानं त्या सीटला खड्डा पडलाय. वजनाचं तिला सांगायची कुणाची टाप नव्हती.

मागच्या साली तिला ताप आला. त्याच सीटवर बसून, आपल्या पायानं चढून ती दवाखान्यात गेली. परत आली ती दुसऱ्या गाडीतनं.

मग माणसं भेटायला यायला लागली. "आता देवाचं नाव घ्या मेजर," म्हणायची आणि चहा प्यायची. चहा करणारी गेली म्हणून हळहळायची, आणि तो चहा मी केलेला असायचा. साखर कमी पडली तर तेही सांगायची.

गाडी शेडात तशीच पडून होती. एका सकाळी चालू केली तर इंजिनातनं आवाज. टिक टिक टिक टिक. गरम झाली की गप्प. दुसऱ्या दिवशी गार असताना परत तेच. गावात डॉक्टरांची कमी नाही. एक म्हणाला, इंजिन गेलं. दुसरा म्हणाला, इंजिन हाय, पंप गेला. तिसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात कुणी गोरा माणूस वेगळ्याच गाडीचं वेगळंच काहीतरी खोलत होता. "ह्येच हाय बघा मेजर, सेम टू सेम!"

मला आवाजावरनंच कळलं होतं. इंजिनाच्या कडेला ओतीव लोखंडाचा एक जाड पंजा असतो, त्यातनं धूर सायलेन्सरकडं जातो. मिस्त्री लोक त्याला मेनफोल म्हणतात. तो स्टडांनी आवळलेला असतो. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, अर्धा इंजिनात रुतलेला, अर्धा बाहेर, त्यावर नट. स्टड तुटला की फट पडते आणि धूर टिकटिक करत बाहेर येतो. लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते, आवाज बंद. काही माणसं अशीच असतात, सकाळी कुरकुर आणि दुपारी जेवण मिळालं की गप्प.

पोराला फोनवर सांगितलं ही माझी अक्कल. पोरगा तिकडं दक्षिणेत गलाईच्या धंद्यात आहे, जुनं सोनं वितळवून चोख करून देतो.

"आबा, आता भंगारात घाला ती," तो म्हणाला. "मी माणूस बघून ठिवलाय. आईच्या वर्षश्राद्धाला येतो तवाच उचलून न्हेऊ दे."

"दागिना तुटला तर तू भंगारात घालतूस व्हय रं?"

"वितळवतो, आबा."

सोन्याच्या पोराला लोखंडाची किंमत काय सांगायची. मी तोंडाळ माणूस, बोलून गेलो, "श्राद्धादिवशी सकाळी गार इंजिन चालू कर. टिक असा एक जरी आवाज आला तरी न्हे जा." फोन ठेवल्यावर कळलं काय बोललो ते. भंगारवाला लोखंडाचं वजन करतो. सीटच्या खड्ड्याचं करत नाही.

विट्याच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहे. तोंडात तंबाखू आणि तोंडावर बढाई. बॉनेट उघडून तो गाडीलाच म्हणाला, "काय गं म्हातारे, कुठं दुखतंय?" मग माझ्याकडं बघून, "हेड, म्हंजी इंजिनाचं डोस्कंच, खोलावं लागंल मेजर. सांगलीला मशीनवर न्ह्यावं लागंल."

"कवा मिळंल?"

"त्येंच्याकडं गर्दी हाय. म्हयना धरा."

"श्राद्ध आठवड्यावर आलंय. हेड हितंच ऱ्हाऊ दे, नुसता मेनफोल काढ आणि काय दिसतंय ते सांग."

"हेडातच स्टड ऱ्हायला तर मला बोल लावायचा न्हाई."

"तुला बोल लावून लागतोय कुठं?"

तो हसला आणि पाना घेऊन वाकला. बाकीचे नट डिझेल पाजून पाजून निघाले. मेनफोल बाहेर आला तसा मिस्त्री खाली मान घालून बघतच राहिला. मग बोट घालून काहीतरी खरवडलं आणि माझ्यापुढं धरलं. गंजाच्या पापुद्र्यात लाल पेंड. त्यात जळालेले तांदळाचे दाणे.

"मेजर, तुमच्या इंजिनात देव्हारा हाय का काय? ह्ये कुक्कू हाय! आणि दोन स्टड तुटल्यात ते हितंच. बाकीचे ठणठणीत. पाणी कोण वतत हुतं हितं?"

कोण ओतणार?

दर अमावस्येला ती गाडीची पूजा करायची. सगळा गाव करतो. चाकाला हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ फोडायचा, झालं. तिला ते पटायचं नाही. "चाकात काय हाय? जीव तर आत हाय," म्हणायची आणि मला बॉनेट उघडायला लावायची. मी नुकताच विट्याहून फेरी मारून आलेलो, इंजिन तापून लाल. ती मडगार्डला पोट टेकवून वाकायची, हात जाईल तितका आत घालायची, कुंकू-अक्षता टाकायची आणि नारळाचं पाणी ओतायची. चर्रर्र करून वाफ उठायची. ती हात जोडून म्हणायची, "बघा, देवानं घ्येतलं."

"अगं, लोखंड तडकंल."

"फौजेत तोफेला नारळ फोडत हुता का न्हाई?"

"हुतो. पर ती गार असायची."

"म्हणून तर लढाईत निशाण्यापासनं लांब पडायचा तुमचा गोळा. आवं, गावात यवढी म्हातारी गाडी दुसऱ्या कुणाची चालतीया? कशानं चालतीया?"

म्हणजे गाडी नारळानं चालत होती. मी नुसतं डिझेल भरत होतो.

ती बुटकी होती. हात जिथवर पोचायचा तिथलेच दोन स्टड गंजले होते. मिस्त्रीला मी एवढंच सांगितलं, "घरातलं माणूस वतायचं." त्यानं माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच तोंडातली तंबाखू थुंकली आणि वेल्डिंगचं मशीन ओढलं.

एक स्टड जरा बाहेर होता. त्यावर नट ठेवून वेल्डिंग मारलं, पाना लावला, आणि नट पान्यासकट मिस्त्रीच्या हातात. परत मारलं, परत तेच. दुसरा तर हेडाच्या अंगाबरोबर तुटलेला, पकडायला जागाच नाही. मिस्त्री घामाघूम झाला. "ड्रिल मारू का?"

"भोक वाकडं गेलं तर?"

"मग सांगली."

"मग मारू नको."

त्यानं परत नट ठेवला, या वेळी वेल्डिंग आत भरत भरत केलं. स्टड निखाऱ्यासारखा लाल झाला. तो ओरडला, "मेजर, पाण्याचा जग द्या! तापलेल्यावर पाणी पडलं की गंज सुटतो." मी जग दिला. त्यानं धार सोडली.

चर्रर्र.

वाफ तोंडावर आली. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "देवानं घ्येतलं."

"काय म्हनला?"

"काय न्हाई. फिरव."

त्यानं पाना दाबला. आधी आत, मग बाहेर. कुईं करून स्टड हलला. ज्या पाण्यानं धरून ठेवला होता, त्यानंच सोडला. दुसराही तसाच निघाला, पण त्यानं संध्याकाळपर्यंत रडवलं. नवे स्टड, नवी गॅस्केट बसवून मिस्त्री म्हणाला, "आता परत पाणी वतलं तर माझ्या दारात यायचं न्हाई. पूजा चाकाची करा."

"बरं," मी म्हटलं.

श्राद्धादिवशी पोरगा आला. दाराशी बॅग टेकवायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. "गरम करून ठिवली न्हाई न्हवं?"

"फौजी हाय मी. गलाईवाला न्हाई."

त्यानं चावी फिरवली. गाडी खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. तो कान देऊन उभा राहिला. मी काकडीच्या वेलाकडं बघत होतो. टिक नाही. मग तो डाव्या बाजूनं चढून बसला आणि खड्ड्यात खाली गेला. इंजिन चालूच होतं. बराच वेळ तो खाली उतरला नाही.

"सीट तेवढी बदलाय पायजे आबा," शेवटी म्हणाला.

"सीटला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," तो म्हणाला. खिशातनं मोबाईल काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, येऊ नका.

पुढची अमावस्या आली. मी नारळ फोडला. मिस्त्रीचं ऐकून पाणी चाकावर ओतलं. काहीच आवाज झाला नाही. पाणी मातीत गेलं, कुत्र्यानं येऊन चाटलं. देवानं घेतलं का कुत्र्यानं, सांगता येईना.

त्याच्या पुढच्या अमावस्येला विट्यापर्यंत एक फेरी मारून आलो. बॉनेट उघडलं. माझा हात तिच्यापेक्षा लांब जातो, पण मी तिच्या हाताएवढाच आत घातला आणि ओतलं. चर्रर्र झालं.

मिस्त्रीला सांगायची गरज नाही. सांगलीहून दोन स्टड जास्तीचे आणून गाडीच्या खणात ठेवलेत.