खंजिरी म्हणजे गोंगाट नाही

ज्या कुणी व्हिडिओ कॉलचं ते ॲप बनवलं, त्याला मला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायचं आहे. आमच्याकडे पाच माणसं पंगतीला बसली की पाचही जण एकदम बोलतात आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. त्याच्या ॲपला मात्र एका वेळी एकच माणूस कळतो. दुसऱ्याने तोंड उघडलं की पहिल्याचा आवाज दाबायचा, आणि जो आवाज माणसाचा वाटत नाही तो गोंगाट समजून फेकून द्यायचा. माझ्या बाबांची खंजिरी त्याने अशी फेकून दिली. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बाबा अकोल्यातल्या एका खंजिरी भजन मंडळाचे मुख्य गाणारे. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, चाळीसेक वर्षं त्यांच्यामागे झील धरत आले. पुढच्याने ओळ सोडायच्या आत मागच्याने ती उचलायची, ही झील. मध्ये फट पडली की भजन पडलं. काका गावी शेती करायचे आणि दर गुरुवारी भजनासाठी अकोल्याला यायचे. गाव खारपाणपट्ट्यातलं. जन्मभर ते मचूळ पाणी पिऊन त्यांच्या किडन्या गेल्या. त्याचा संताप वेगळाच आहे, तो इथे काढत बसले तर दुसरं काही सांगून होणार नाही.

डायलिसिसची पाळी अकोल्यात मिळेना, अमरावतीत मिळाली. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून मी काकांना माझ्या घरी आणलं. आठवड्यातून तीन दिवस दवाखाना, आणि त्या थकव्यात अकोल्याचा बसचा प्रवास बंद. दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी रिक्षा दारात उभी आणि काका खाटेवरून उठेनात.

"मी नाई येत," म्हणाले.

"कावून?"

"गुरुवारी तिकडे भजन चालू असते, अन् मी इथं सुया टोचून घेऊन राहिलो. नुसता सुयांसाठी जगू का? हा महिनाभर येतो, तुया शब्दासाठी. मंग मले नोको म्हनू."

काका उगाच बोलणाऱ्यांतले नाहीत. महिना म्हणजे महिना.

म्हणून तो व्हिडिओ कॉल. पडद्यावर बाबा माशा मारत असल्यासारखे दिसत होते, खंजिरीचा आवाज शून्य. काकांनी झील धरली की बाबांचा आवाज गायब, बाबांनी ओळ घेतली की काकांचा. नातेवाइकांनी सुचवलं, "रेकॉर्ड करून पाठवा ना." हे सुचवणाऱ्या प्रत्येकाला मी मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. काकांनी एकच विचारलं, "रेकॉर्डमंदला दादा मायं ऐकून राहिला का?"

मी अमरावतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवते. एवढं शिकवून घरातल्या दोन माणसांना एकत्र गाता येऊ नये, याची मला लाज वाटली. इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, स्पीड तं भरपूर हाय तुमच्याकडे." अरे, पाइप जाड असला म्हणून पाणी लवकर पोचतं का? मला जास्त आवाज नको होता, लवकर हवा होता. मग आवाज कोणत्या रस्त्याने येतो ते मीच काढलं, आणि डोक्याला हात लावला. अकोल्याहून निघालेला बाबांचा आवाज मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून येत नव्हता. तो आधी मुंबईला जायचा आणि मुंबईहून अमरावतीला यायचा. शेजारच्या जिल्ह्यात बोलायला मुंबईची परवानगी, इथेही! दोन्ही टोकांना एकाच कंपनीची तार घेतली, वायफाय बंद करून वायर थेट मशीनला लावली, तेव्हा तो फेरा बराच कमी झाला.

क्लासमधल्या दोन जुन्या मशीनवर लिनक्स घातलं, एक क्लासमध्येच ठेवलं, दुसरं अकोल्याला मंडळाकडे पाठवलं. लोकांनी फुकट वाटलेली ही प्रणाली, तिच्यावरचं दूर बसून एकत्र वाजवण्याचं सॉफ्टवेअरही तसंच फुकट. यातलं काहीही उघडून आत बघता येतं, बदलता येतं. गोंगाट काढण्याचा शहाणपणा ते आपणहून करत नाही. पहिल्यांदा खंजिरी ऐकू आली तेव्हा मी क्लासमध्ये एकटीच ओरडले. पण उशीर होताच. सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पाठवतं, आणि थोडे तुकडे जमेपर्यंत थांबतं. त्या थांबण्याला बफर म्हणतात. पंगतीत वाढप्याच्या हातात मोठं पातेलं दिलं तर ते भरून आणायला वेळ लागतो, वाटी दिली तर पानं रिकामी राहतात आणि आरडाओरडा होतो. मी पातेलं लहान-मोठं करत दोन आठवडे घालवले. तरीही काकांना खंजिरीची प्रत्येक थाप दोनदा, तीनदा ऐकू येई. "कोनती धरू?" ते विचारत.

शेवटी त्या सॉफ्टवेअरच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहिलं. कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाने नम्रपणे विचारलं, तुमच्या वाटेत कुठे इको लावलेला आहे का? मी भडकले. मला काय एवढंही कळत नाही? बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "छे, काही लावलं नाई."

रविवारी बस धरून अकोल्याला गेले. मंडळ देवळाच्या ओट्यावर बसतं. बाबांचा माइक मी सांगितल्याप्रमाणे मशीनला नव्हताच. तो मंडळाच्या ॲम्प्लिफायरला, आणि ॲम्प्लिफायरची वायर मशीनला. ॲम्प्लिफायरवर इकोचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलेलं, आणि कुणी हात लावू नये म्हणून वरून चिकटपट्टी मारलेली.

"बाबा, हे काय?"

"इको हाय तो. त्याच्याबिगर भजन कोरडं वाटते, माय."

"मी विचारलं होतं ना, काही लावलंय का?"

"ते लावलेलं थोडीच हाय? ते तं असतेच."

दोन आठवडे! मी त्या ओट्यावर चार माणसांसमोर बाबांना जे बोलले ते आयुष्यात बोलले नव्हते. पट्टी ओरबाडून काढली. माइक मशीनला लावला. त्या परदेशी माणसाची मनातल्या मनात माफी मागितली, लेखी मागायला मात्र आठवडा लागला.

काकांनी दिलेल्या महिन्याचा शेवटचा गुरुवार आला. दवाखान्याची पाळी सकाळी झाली होती. संध्याकाळी काका क्लासमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. थाप एकदाच ऐकू येत होती. आता उशीर इतका थोडा होता की समोरासमोरच्या दोन ओट्यांवर बसल्यावर असावा तेवढाच. आणि तरी भजन चालेना. दोन ओळींत लय सुटली, चौथ्या ओळीला दोघं इतके मंदावले की भजन जवळजवळ थांबलं. मी पडद्यावरचे आकडे बघत होते, आकडे बरोबर होते. मग काकांकडे पाहिलं. ते बाबांच्या आवाजाची वाट बघत होते. धाकट्याने थोरल्याच्या पुढे जायचं नाही, चाळीस वर्षांची शिस्त. आणि तिकडे बाबा, मागचा पोचला की नाही म्हणून त्यांची वाट बघत होते.

"काका, वाट नका पाहू. तुमच्या अंदाजाने उचला, थोडं आधी."

"दादाच्या पुढे? मी?"

"हो, पुढे!" मी चक्क ओरडले. "महिनाभर मी काय झक मारत होते का?"

हेडफोनमधून बाबांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लहान्या, जाय पुढं. मी येतो तुया मांगं."

काकांनी डोळे मिटले. पुढची ओळ बाबांनी सोडायच्या आत, नेहमीपेक्षा जरा आधीच, त्यांनी उचलली. आवाज फाटला. दुसऱ्यांदा फाटला नाही. मग ओट्यावरची माणसं आणि खंजिरी आणि काका एकदम लागले, आणि पाऊण तास कुणीही कुणासाठी थांबलं नाही. मी रडत होते आणि रडतानासुद्धा त्या ॲपवाल्याला शिव्या घालत होते.

मशीन बंद केल्यावर मला विचारायचा धीर होईना. महिना पुरा झाला होता. काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, घाम पुसला आणि म्हणाले, "परवा रिक्षा कितीले येते?"

"सातला."

"साडेसहाले सांग त्याले," ते म्हणाले. "उशीर झाला का दवाखान्यात मशीन दुसऱ्याले देतात."