पांढरा सारस

दोन हजार सहाच्या जानेवारीत बाबांच्या परतीच्या तिकिटाला नऊ दिवस उरले होते. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला आमच्याकडे येऊन त्यांना पाच महिने झाले होते. जाण्याआधी त्यांना टेक्ससच्या किनाऱ्यावरचा पांढरा सारस दाखवायचाच, असं मी ठरवलं. तो क्रेन पक्षी कॅनडातून फक्त हिवाळ्यापुरता येतो आणि जगात फार थोडा उरलाय. बाबांना काचबिंदू होता. नजर कडेकडेनं मिटत जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती गेलीय, हे बाबा कोणाला कळू देत नव्हते. "मले दिसते ना सगळं," एवढंच.

बाबा वनखात्यात वनपाल होते. गोंदियाजवळच्या तळ्यांवर सारस मोजायला पहाटे सायकलनं जायचे. मागे कॅरिअरवर दादा. मला एकदाही नेलं नाही. "तू तोंड बंद नाही ठेवत, पाखरं उडतात." मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पुढे कोणाची मदत न घेता शिकलो, इथे आलो, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर नोकरी सोडून स्वयंपाकघरांत ग्रॅनाइटचे ओटे बसवायचा धंदा उभा केला. पण त्या कॅरिअरचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं.

बायकोला हे पाठ आहे. सहलीचं बुकिंग करताना तिनं विचारलं, "बाबांसाठी नेतोयस, की दादांना दाखवायला?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

सहल दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी समुद्रालगतचं ओकचं रान पायी, दुसऱ्या दिवशी बोटीतून पाणथळ. गाइड साठीची, काटक, पूर्वी शाळेत शिकवायची. आमच्याखेरीज सहा जण होते, सगळे निवृत्त अमेरिकन, गळ्यात भारी दुर्बिणी.

वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या त्या ओकच्या झाडांखाली गाइड हळूच म्हणायची, "डावीकडे, खालच्या फांदीवर." सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. बाबांची मान एक क्षण उशिरा वळायची, आणि तोवर पक्षी उडालेला असायचा.

"दिसला?" मी विचारायचो.

"दिसला."

मग एक लालभडक पक्षी अगदी जवळ, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर येऊन बसला. सगळे थबकले. बाबा हसत होते, पण शेजारच्या झाडाकडे बघून. ते माझं मन राखायला "दिसला" म्हणत होते, आणि मी दिवसभर त्यांना तेच तेच विचारत होतो. रात्री मोटेलमध्ये पाण्याचा ग्लास घेताना त्यांचा हात आधी टेबलावर चाचपडला. मी बायकोकडे पाहिलं. तिनं नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर वारा सुटला होता. गाइड म्हणाली, आज मोठी बोट जाईल. ती उथळ पाण्यात शिरत नाही, त्यामुळे पक्षी लांबून दिसतील. पलीकडे एक छोटी बोट बांधलेली होती.

"आम्हाला तिच्यातून न्या," मी म्हणालो.

"या वाऱ्यात तिला काढत नाही."

"माझ्या वडिलांची नजर जातेय. जवळून दाखवायला हवं."

"मला वाईट वाटतं. पण जवळ गेलं की पक्षी खाणं सोडून उडतात. ठरलेलं अंतर मी मोडत नाही."

मी हमखास लागू पडणारा डाव टाकला. "मग आम्ही येतच नाही," असं म्हणून बाबांचा दंड धरला आणि गाडीच्या दिशेनं निघालो. दगडाच्या व्यापाऱ्यापासून भाजीवाल्यापर्यंत, आयुष्यभर मी हेच करत आलोय. फार तर दहा पावलं. मग मागून हाक येतेच.

दहा झाली. पंधरा झाली. पाठीमागून दोर सोडल्याचा आवाज आला, आणि इंजिन सुरू झालं.

बाबा थांबले. "काऊन चालला रे?"

"ती बोलावेल, बाबा."

"नाही बोलावत. तू नाही म्हटलं, तिनं ऐकलं. हा काही आपला गोंदियाचा बाजार आहे का?"

"यार, आता तरी वळ!" बायको ओरडली.

मी वळून पळत सुटलो. धक्का आणि बोट यांच्यात हातभर पाणी दिसायला लागलं होतं. मी दोन्ही हात हलवत ओरडत होतो, आणि ते सहा अमेरिकन मला बघत होते. गाइडनं बोट मागे घ्यायला लावली. एक शब्द बोलली नाही, फक्त बाबांना हात देऊन वर घेतलं. ती काही टाकून बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं.

तासाभरानं सारस दिसले. मला तर ते दूरच्या गवतात वाळत घातलेली दोन धोतरं वाटली. गाइडनं तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीत पक्षी धरला आणि सांगितलं, प्रत्येकी एक मिनिट. आमचा नंबर शेवटी होता. बोट हलत होती. इथेही "दिसला" असंच म्हणाले तर मी काय करणार होतो?

बाबांनी डोळा लावला. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. अर्ध्या मिनिटात विचारलं.

"दिसतोय?"

"अरे थांब ना."

"बाबा, खरं सांगा. मी रागावणार नाही."

"खेकडा पकडला त्यानं. आता त्याले झटकून झटकून त्याच्या नांग्या पाडते. एक पडली. डोक्यावर लाल टिळा आहे. अन् मागं एक पिल्लू, तांबूस." मला पिल्लाचा पत्ताही नव्हता. गाइडला विचारलं. तिनं आपल्या दुर्बिणीतून बराच वेळ शोधलं आणि मान डोलावली.

"काल तर तुम्हाला काहीच दिसत नव्हतं," मी म्हणालो.

"काल पाखरं कुठूनही यायची. माझी नजर आता नळीसारखी झाली, मधलं तेवढं दिसते. इथं तर नळीतूनच बघायचं आहे."

मिनिट संपलं. मी गाइडला सांगितलं, माझंही मिनिट यांना. बायको म्हणाली, माझंही. बाबा तीन मिनिटं वाकून उभे होते. शेवटी पक्षी उडाला, तेव्हा ते म्हणाले, "पंखाची टोकं काळी आहेत." मला गवतावरून वर उठलेला एक पांढरा ठिपका दिसला.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी हात पुढे केला. "तुझ्या दादाले फोन लाव."

"तिकडे झोपले असतील."

"उठव त्याले."

मी भारतात बोलायची मिनिटं विकत घेतलेल्या कॉलिंग कार्डावरचे सगळे आकडे दाबले आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते खेकड्याबद्दल बोलले, पिल्लाबद्दल, काळ्या टोकांबद्दल. इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझं नाव त्यात एकदा तरी येईल म्हणून मी बाजूला उभा होतो. ते आलं नाही. कार्डावरची मिनिटं संपत आली आहेत, असं मधेच रेकॉर्ड केलेल्या बाईच्या आवाजानं सांगितलं, ते मलाही ऐकू आलं. बायकोनं पर्समधून दुसरं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं, आणि फोन कट झाल्यावर बाबांसाठी पुन्हा नंबर लावला.