गेटपासून औषधाच्या दुकानापर्यंत

माझा धाकटा भाऊ पाणबुडीवर नोकरीला आहे. त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी आमच्याबरोबर पूनम सागर सोसायटीतच राहतात. मागे तो पंधरा दिवसांच्या रजेवर आला, तेव्हा मी त्याला आधी वजनकाट्यावर उभं केलं. सहासष्ट किलो. आधीच्या रजेत एकाहत्तर होतं. तीन जिने चढून त्याला धाप लागली होती आणि कित्येक आठवडे ऊन न लागल्याने चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला होता. अंघोळ त्याने अर्ध्या बादलीत उरकली.

"भावोजी, तुमच्यासारखे आणखी चार जण असते तर सोसायटीचा टँकर बंद झाला असता," माझी बायको म्हणाली.

"वहिनी, पाणबुडीत अर्धी बादली म्हणजे चैन आहे!"

मुलीला मात्र एकच हवं होतं, बाबांनी स्कूटरवरून शाळेत सोडायचं. तिने वर्गात सांगूनही ठेवलं होतं. अडचण डोळ्यांची होती. पाणबुडीच्या आत सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे चार हातांवरची भिंत. बाहेर आल्यावर काही दिवस नजरेला अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्याला गाडी चालवू नको असं बजावलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच चावी मागितली.

"हळू चालवतो रे, दादा."

"मागे पोर बसणार आहे. आधी परीक्षा."

आम्ही तिघं गेटपाशी उभे राहिलो. औषधाच्या दुकानापर्यंत किती पावलं, हे त्याने नुसतं बघून सांगायचं. तो पन्नास म्हणाला. मी चालत मोजून आलो, चौऱ्याऐंशी भरली. त्याला आकडा सांगितला नाही, फक्त कमी पडलं म्हणालो.

पाचव्या दिवशी तो लगेच म्हणाला, "चौऱ्याऐंशी."

इतका नेमका अंदाज कुणाचाच नसतो. मी मुलीकडे पाहिलं. ती चपलेकडे बघत होती. दोघं सकाळी दूध आणायला गेले होते, ते मला आठवलं.

"बरं. आणि त्या गुलमोहरापर्यंत?"

तो बराच वेळ बघत राहिला. "तीस?"

बावन्न भरली. मुलीचा चेहरा उतरला. भाऊ हळूच म्हणाला, "दादा, अजून सगळं अंगावर आल्यासारखं दिसतं. तिला नाही कसं म्हणू?"

मग मीच तिला नाही म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तो तिला रोज चालत शाळेत सोडू लागला. सकाळी दोघं गच्चीवर उन्हात बसत आणि लांब चेणे गावाकडच्या डोंगरांकडे बघत. मग तिच्या फर्माइशी सुरू होत. "बाबा, ती बिल्डिंग किती मजली? नाही, परत मोजा!"

रजा संपायच्या आदल्या दिवशी मी नवीन खूण दिली, कोपऱ्यावरच्या शिंप्याची पाटी.

"नव्वद," तो म्हणाला.

मी मोजून आलो. शहाण्णव.

"सहाने चुकलो," तो म्हणाला आणि मुलीचं दप्तर उचलून पायी निघायला लागला.

मी खिशातून चावी काढून त्याच्या हातात ठेवली. मुलीने हेल्मेट आधीच घातलं होतं. ती मागे बसली आणि तिने त्याच्या पोटाला घट्ट मिठी मारली. मी गेटपाशी बघत उभा राहिलो. स्कूटरचा मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला, तेव्हा स्पीडब्रेकर अजून दहा पावलं तरी लांब होता.