घाटाचा माईक

मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा आबांच्या घरात समज झाला. कारण एवढंच, की गावाकडं मी एका मांडववाल्याच्या वायरी धरायचो. शाळा तर आठवीतच सुटली होती. परभणीकडून वराळ्याच्या कंपनीत पॅकिंगला आलो तेव्हा मला एकट्याला कुणी खोली देईना. जवळच्या इंदुरी गावात आबांनी दिली. "जेवलास का?" एवढंच विचारलं, दुसरं काहीच नाही. तेव्हापासून आबांनी काही सांगितलं की मला नाही म्हणता यायचं नाही.

आबा घाटावर पुकारायचे. बैलगाडे ज्या चढावरून पळतात त्याला इकडं घाट म्हणतात. जत्रेतला पहिला गाडा आबांच्या आरोळीवर सुटायचा, ही जुनी रीत. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आवाज नाही. आबांनी एकच विचारलं, "जत्रंच्या आदी का नंतर?"

आधीच करायचं होतं.

जत्रा कमिटीतला एकजण घरी आला. "आबा, आवाज भरून ठिवा. घाटावर आपला कॉम्प्युटर असतोय, त्याच्यातनं भोंग्यावर लावू. गाडा तुमच्याच आरोळीवर सुटंल."

"मी तिकडं दवाखान्यात आन् आवाज घाटावर," आबा हसले.

आबांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. त्या आतून म्हणाल्या, "जल्मभर ह्यांनी मला बोलू दिलं न्हाई. आता माजी पाळी."

तो कॉम्प्युटर म्हणजे गाड्याचे सेकंद मोजायला कमिटीनं कधीतरी कुणाच्या तरी ऑफिसातून आणलेला जुना डबा. पिवळा पडलेला, पडद्याला मागं ही मोठी ढेरी. वर्षभर आबांच्या पडवीत पोत्याखाली झाकलेला असायचा. मी आधी मोबाईलवरच घेऊन बघितलं होतं. पण आबांनी मोबाईल तोंडासमोर धरला की घशातून नुसती खरखर निघायची. "ह्याच्यात चोरून बोलल्यावानी वाटतंय. माजा माईक आण," म्हणाले.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत टेबलावर मांडला. माईक लोखंडी, वजनदार. त्याची पिन जाड आणि कॉम्प्युटरची भोकं बारीक. तळेगाव स्टेशनच्या बाजारातून जोडपिन आणली. आधी ती हिरव्या भोकात घातली, काहीच झालं नाही. मग गुलाबी भोकात. तीही सैल बसली. बोटानं दाबून धरली की लागायची, सोडली की जायची. मी टेबलामागं बसून पिन दाबली आणि माईक जवळ ओढून "हॅलो" म्हटलं. पडद्यावरची सरळ रेघ उसळली. परत लावून ऐकवलं तर माझाच आवाज घरभर.

"आला गं बया!" मावशी म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं! वाटलं, आबांच्या घरचं खाल्लेलं थोडं तरी फिटेल.

आबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. आवाज साठवत होते. त्यांनी टोपी नीट केली, माईक हातात घेतला आणि खिडकीतून दिसणाऱ्या शेताकडं तोंड करून उभे राहिले. मी पिन दाबून बसलो.

"बोला आबा," मी म्हणालो.

आणि आबा बोलले. "हाऽऽ... वाट सोडा... मागं सरा रं... आलाऽऽ गाडा... भिर्रर्रर्र!" आवाज फाटत होता, पण होता. बाहेर बांधलेल्या बैलानं मान वर केली. मावशींनी पदर तोंडाला लावला. मीही आबांकडंच बघत राहिलो. पडद्याकडं बघायचं राहिलंच.

आणि बघितलं असतं तरी काय केलं असतं? घाटावर भोंगा शेजारीच असतो. माईक तोंडाजवळ नेला की तो कानठळ्या बसवणारी शिट्टी मारतो. म्हणून आबा जन्मभर माईक हात लांब करून, कमरेच्या बाजूला धरत आले. तसाच आताही धरला होता. माईक त्यांच्या तोंडापासून लांब आणि टेबलामागं बसलेल्या माझ्या तोंडापाशी. आबांना माईक कसा धरायचा ते मी सांगायचं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

लावून ऐकलं. आधी भुणभुण. मग खणखणीत, माझ्या परभणीच्या हेलात, "बोला आबा." त्यानंतर नदीपलीकडं कुणीतरी काहीतरी ओरडल्यासारखं. आवाज वाढवला तर भुणभुणच वाढली.

"परत एकदा, आबा," मी कसाबसा म्हणालो. "माईक तोंडाजवळ धरा."

त्यांनी धरला. घसा दाबला, मान ताणली. नुसता वारा आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वारा. मग त्यांनी माईक अलगद टेबलावर ठेवला आणि ओठांनीच म्हणाले, "ऱ्हाऊंदे."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दवाखान्यात गेले.

जत्रेला आबा घाटावर आले होते, गळ्याच्या छिद्रावर पांढरं फडकं बांधून. कमिटीवाल्याला मी आधीच सांगितलं होतं, नीट आलेलं नाही म्हणून. तो म्हणाला, "आलंय तेवढं लावू. शब्द दिलाय." मी आबांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. लावा.

घाट गप्प झाला. सुटायच्या जागी बैल धरलेले. भोंग्यातून भुणभुण आली, आणि मग साऱ्या घाटावर माझा आवाज घुमला, "बोला आबा."

लोकांनी आबांकडं बघितलं. वाट बघत राहिले. भोंग्यात लांबचं काहीतरी ओरडत होतं, ते कुणाला कळलं नाही. बैलांनाही नाही. मग आबांच्या जागी पुकारायला आलेल्या नव्या पोरानं आपला माईक उचलला आणि गाडा सोडला.

आबांनी उजवा हात कमरेपासून थोडा लांब धरला होता. मूठ आवळलेली, तिच्यात काही नव्हतं. गाडा वर पोचेपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

मी अजून त्यांच्याच खोलीत राहतो. कामावरून आलो की आबा हात तोंडाकडं नेऊन विचारतात, जेवलास का? आता मावशीही घरात फारसं बोलत नाहीत.