साहेबांची टर्की आणि आमची झोप

आमच्या ह्यांना झोप फार. बसल्या जागी लागायची, उभ्या उभ्या लागायची. एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत हातात पळी धरून झोपले होते आणि भटजी आपले 'आचमन करा, आचमन करा' म्हणून घसा सुकवत बसले. अशा माणसाला साहेबांनी पहाटेच्या शिकारीसाठी जोडीदार म्हणून निवडलं. काय म्हणावं त्या पारखीला!

एकोणीसशे पंचावन्न-छप्पनची गोष्ट. लग्न होऊन मी नुकतीच मद्रासला आले होते. एग्मोरला एका तंजावरी मराठी मामींच्या माडीवर आमचं बिऱ्हाड. हे सरकारी कचेरीत कारकून. तिकडे पुण्यात माझी आई एकटी, आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरलेला. चुलीतला जाळ तेवढा अंधूक दिसतो, असं शेजारणीकडून कळवलं होतं तिनं. ह्यांनी पुण्याला बदली मागितली होती. सही व्हायची होती ती याच साहेबांची. मला दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं. ती सही झाली की मी आईजवळ, नाही झाली तर ती अंधारात चाचपडत एकटी.

साहेब तामिळी, एकदम सोवळ्या घरातले, पण वाचन सगळं विलायती मासिकांचं. त्यात त्यांनी वाचलं की वसंत ऋतूत पहाटे टर्की नावाच्या पक्ष्याची शिकार करतात. झाडाला टेकून दगडासारखं बसायचं, मादीसारखा आवाज काढायचा, की नर फुगत फुगत समोर येतो. आता मद्रासला टर्की कुठली? साहेबांनी पेरंबूरच्या एका बाईकडून चांगल्या पाळलेल्या टर्क्या विकत घेतल्या आणि अड्यारच्या पलीकडे ओळखीच्या कुणाच्या सुरूच्या बनात सोडून दिल्या. आधी सोडायच्या आणि मग शोधायच्या! हे घरी येऊन म्हणाले, "अगं, टर्कीच्या मागे जायचंय," तेव्हा मला वाटलं कचेरीनं ह्यांना तुर्कस्तानला धाडलं.

त्यातून त्या वर्षी चैत्रात कधी नाही तो पाऊस लागला. साहेब खूश. पावसात पक्षी पंख वाळवायला मोकळ्यावर येतो, असं मासिकात होतं म्हणे. बंदूक साहेबांची, आवाज ह्यांनी काढायचा. हे स्वयंपाकघरात बसून सराव करायचे, "कुर्र कुर्र टॉक, कुर्र कुर्र टॉक." खालून मामी विचारायच्या, "पोट बिघडलं काय वो त्यांचं?"

मी कंबर कसली. पहाटे उठवून डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, मग कडक कॉफी, मग मामींनी दिलेली सुंठीची कॉफी, वर आल्याची वडी. सोबतीला डिंकाचे लाडू. मद्रासच्या उकाड्यात डिंकाचे लाडू! ह्यांच्या नाकाचा घोळणा फुटला. पण जागे राहिले ना? "डुलकी आली तर पावकीचा पाढा म्हणा, तरी आली तर मांडीला चिमटा घ्या," असं बजावून मी त्यांना गाडीत नेऊन बसवायची. तिथे बसता क्षणीच घोरायला लागायचे ते सोडा. बनात पोचेपर्यंत लाडू पोटात कामाला लागायचा आणि माणूस टक्क जागा व्हायचा. मला आपली भीती, कधी साहेबांच्या खांद्यावर मान टाकतील आणि सही जाईल चुलीत.

एका गुरुवारी साहेबांनी बंदूकच आमच्याकडे पाठवली. उद्या शुक्रवार, घरात देवीची पूजा, त्यांच्या आई म्हणाल्या की हे अस्त्र माझ्या उंबऱ्याच्या आत नको. म्हणजे आमच्या उंबऱ्याला देव नव्हते! हे बंदूक दाराआड छत्र्यांशेजारी उभी करून झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. ह्यांना मी गाडीत नेऊन टाकलं, साहेब पुढे बसलेले, आणि मी वर येते तोवर ड्रायव्हर भिजत माझ्यामागे जिन्यात. हा भला मिशाळ, माझ्या वडलांच्या वयाचा.

"अम्मा," तो म्हणाला, "तुप्पाक्की!"

मी ऐकलं 'तूप, काकी'. अस्सा राग आला! आधी अम्मा, मग काकी. जिन्यात उभ्या उभ्या नाती जोडतोय मेला. काकी म्हणायला माझे काय केस पिकले होते? पण म्हटलं, साहेबांना लाडवाबरोबर तूप हवं असेल. सहीसाठी मी तुपाची विहीर खणली असती. लोणकढ्या तुपाची बरणी पिशवीत घातली, वर लाडवांचा डबा ठेवला आणि त्याच्या हातात कोंबली. तो पुन्हा विचारतोय, "तुप्पाक्की?" मी म्हटलं, "हो रे बाबा, सगळं आहे," आणि गाडीकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं बंदूक आधीच गाडीत गेलीय. गेला बिचारा.

उजाडल्यावर मामी वर आल्या, त्यांनी दाराआड पाहिलं. "तुप्पाक्की म्हणजे बंदूक की गं पोरी," म्हणाल्या आणि हसत हसत जिन्यातच बसल्या. मी मात्र रडकुंडीला आले. संपलं म्हटलं, आईचं दार बंद झालं.

तिकडे काय झालं ते ह्यांनी मागून सांगितलं. ह्यांनी आवाज काढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एक नर पिसारा फुलवून थेट समोर आला. साहेबांनी नजर न हलवता मागे हात केला, "गन." ह्यांनी न बघता हाताला लागली ती पिशवी दिली. साहेबांनी ती खांद्याला लावली. झाकण उडालं, तूप रेनकोटाच्या बाहीत शिरलं, आणि टर्कीनं पुढे येऊन सांडलेला लाडू उचलला. साहेब इतके हसले, की सुरूला धरून उभं राहावं लागलं. मग दोघांनी आणि टर्कीनं मिळून डबा संपवला.

संध्याकाळी साहेब स्वतः बरणी परत द्यायला आले. मी पाट मांडायला लागले, तर उभ्या उभ्याच इंग्रजीत म्हणाले, "आता बंदूक बंद. आम्ही रोज नुसते जाणार, बसणार, खाणार. मिसेस, तुमचे मिस्टर पहाटे इतके ताजेतवाने असतात, मादीचा आवाज असा काढतात! हा माणूस मी पुण्याला घालवीन? बदलीचं विसरा."

माझ्याच हातानं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तोंडावर पदर घेतला, तरी शब्द सुटलेच, तेही शुद्ध मराठीत. "अहो, माझी आई तिकडे आंधळी होत चाललीय हो! तिला भात कोण वाढणार?"

साहेबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी ह्यांना विचारलं, "काय म्हणतात?"

ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणते सर, की उद्यापासून मला जाग येणार नाही."

दुसऱ्या पहाटे खाली गाडीचा भोंगा वाजला. आम्ही दोघं टक्क जागे. भर पावसात ड्रायव्हर जिना चढून दार ठोकून गेला. ह्यांनी खोटं घोरायला सुरुवात केली. खऱ्यापेक्षा वाईट घोरले हो! मी त्यांचा हात धरून पडून राहिले. रोज हेच. शेवटी भोंगा वाजायचा थांबला, आणि साहेब भर कचेरीत ओरडले, की असला झोपाळू माणूस मला मद्रासमध्ये नको, पाठवा त्याला पुण्याला.

आईनं दार उघडलं आणि आधी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "वाळलीस गं," म्हणाली. मी खरं तर दुप्पट झाले होते. पण 'नाही' म्हणायचं सुचलं नाही. दारातच तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी हमसून हमसून रडले.